गोगलगाय, ८:१२ची फास्ट आणि २४ पानं : विनोदी चित्रपुस्तक कसं बांधावं?

फलाटकर

नमस्कार मंडळी. वय वर्षं ३ ते ६ साठी प्राण्यांचं एक विनोदी चित्रपुस्तक करायचं आहे. संहिता लिहून झाली आहे, चित्रकार ठरली आहे, चित्रं सुरू व्हायची आहेत. म्हणजे काही मोडतोड करायची तर हीच वेळ.

गोष्ट अशी: कुर्ला स्टेशनातल्या एका गोगलगाईला सकाळची ८:१२ची फास्ट पकडायची आहे. पुलाच्या पायथ्यापासून ती निघते. उंदीर, मांजर, कबूतर, कावळा आणि घूस एकेक करून तिला मागे टाकतात, जाता जाता प्रत्येक जण सल्ला देतो. मग पाऊस कोसळतो, रुळांवर पाणी साचतं, गाड्या ठप्प. गोगलगाय फलाटाच्या टोकाला पोचते तेव्हा ८:१२ अजून तिथेच उभी. शेवटच्या पानावर तात्पर्य.

मजकूर ८६० शब्दांचा, पानं २४. वाचून दाखवताना मुलं पहिल्या दोन प्राण्यांना हसतात, चौथ्याला स्वतःच पान उलटू लागतात, आणि "गाडी उभीच" हा धक्का लागतच नाही. तेव्हा विचारायचं ते हे: मजकूर पानांवर कसा वाटायचा? गद्य ठेवायचं की यमकात बांधायचं? आकार ८.५ इंची चौकोन मनात आहे आणि प्रती ५००, तर डिजिटल बरं की ऑफसेट? काय काय चुकतं तेही सांगा, म्हणजे आधीच टाळता येईल.

---

कोराकागद

धक्का लागत नाही याचं कारण बहुधा गोष्टीत नाही, पानात आहे. "गाडी अजून उभीच" हे वाक्य आणि उभ्या गाडीचं चित्र उघड्या जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) उजवीकडे आलं असेल, तर मुलानं ते पान उघडताक्षणीच पाहिलं. तुम्ही डावीकडचा मजकूर वाचेपर्यंत विनोद शिळा झालेला असतो. चित्रपुस्तकात पान उलटणं म्हणजे पडदा वर जाणं. तयारी उजव्या पानाच्या तळाशी करायची आणि उलगडा पुढच्या डाव्या पानावर. उजवी पानं विषम, डावी सम. त्यामुळे प्रत्येक आश्चर्य सम आकड्यावर पडतंय ना, एवढं आधी तपासा.

मुखपृष्ठ वेगळं धरलं तर आतली २४ पानं अशी पडतात: पान १ एकटं (शीर्षक), मग २-३ पासून २२-२३ पर्यंत अकरा जोडपानं, आणि पान २४ पुन्हा एकटं. प्रकाशनाचा तपशील मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सारलात तर अकराच्या अकरा जोडपानं गोष्टीला मिळतात.

आता हिशेब करा. ८६० शब्द भागिले ११, म्हणजे जोडपानाला ७८ शब्द. चार वर्षांचं मूल चित्र पाहून संपवतं तेव्हा तुम्ही मजकुराच्या अर्ध्यातही पोचलेले नसता, म्हणून ते पान उलटतं. जोडपानाला २५-३० शब्द धरा, एकूण ३००च्या आसपास. कापायचं कसं? चित्र जे सांगणार आहे ते मजकुरातून काढायचं. "छोटीशी तपकिरी गोगलगाय पाठीवर गोल गोल घर घेऊन ओल्या फलाटावरून हळूहळू सरकत होती" या जातीचं वाक्य तुमच्याकडे नक्की असणार. त्यातला शब्दन् शब्द चित्रकार काढणारच आहे. त्या जागी नुसतं लिहा: "गोगलगाय सुसाट सुटली." चित्रात ती मागच्या पानापेक्षा दोन बोटं पुढे, बस्स. मजकूर थाप मारतो, चित्र ती उघडी पाडतं, आणि मूल ओरडतं, "सुसाट कुठे?" लेखकापेक्षा आपल्याला जास्त कळतं या आनंदात ते हसतं. मात्र हा विरोध मुख्य आकृतीत, मोठा दिसायला हवा. कोपऱ्यातली गंमत दुसऱ्या-तिसऱ्या वाचनासाठी ठेवा (फलाटावरचं घड्याळ, वडापाव पळवणारं कबूतर वगैरे).

पाच प्राणी जास्त होतात. एकच विनोद पाचदा आला की तिसऱ्यालाच मुलाला साचा कळतो. साचा कळणं वाईट नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत चिऊ दार न उघडता "थांब, माझ्या बाळाला..." म्हणत राहते, तिथे सगळी मजा साच्याचीच. पण तिथे चौकट तीच राहून एकेक शब्द बदलतो आणि ऐकणारा आपल्या आधी बोलतो. तुम्हीही गोगलगाईला एकच उत्तर द्या, "आलेच, आलेच!" प्राणी तीन ठेवा: उंदीर आणि मांजर साच्यात, तिसरं कबूतर साचा मोडणारं. ते पुढे जातच नाही. उलट तिच्या पाठीवरच बसतं.

कच्चं पुस्तक बनवायला ए-४ चे सहा कागद मधोमध दुमडून मधे पिना मारा, बरोबर २४ पानं होतात. मजकूर पट्ट्या कापून चिकटवा, चित्रांच्या जागी काड्यांची रेखाटनं चालतील. मग ते गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला मोठ्यानं वाचायला द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे अडखळेल किंवा पान उलटून मागे येईल, तिथे खूण करा. चित्रकारानं रंगाला हात लावण्याआधी अशी तीन-चार तरी कच्ची पुस्तकं व्हायला हवीत.

आणि ते तात्पर्य काढून टाका. ससा-कासवाची सावली आधीच गोष्टीवर पडलेली आहे, वर ते छापलंत तर मुलांना वाटेल हे पुस्तक शाळेचं आहे.

---

लघुगुरू

कोराकागद यांच्याशी सहमत. मी फक्त भाषेपुरतं लिहितो.

आधी लिंग. तुमच्या पात्रांत गोगलगाय स्त्रीलिंगी, उंदीर पुल्लिंगी, मांजर आणि कबूतर नपुंसकलिंगी. इंग्रजीवरून बेतलेल्या पुस्तकांत इथेच घोळ होतो. एका पानावर "मांजर म्हणालं", पुढच्यावर "ती म्हणाली", कारण चित्रकारानं मांजराला फ्रॉक घातला. तीन-चार वर्षांच्या मुलाचं मराठी व्याकरण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पक्कं असतं, ते लगेच विचारतं, "ती कोण?" प्रत्येक पात्राचं क्रियापद आधीच कागदावर लिहून ठेवा. मांजराला "मनी" नाव दिलंत तर निवेदनातही शेवटपर्यंत मनीच आणि "आली"च.

हीच अडचण विनोदाला वापरता येते. "कबूतर बसलं", "कबूतरदादा बसला", "कबूतरराव बसले" या तीन पायऱ्या आपल्याला फुकट मिळाल्या आहेत. निवेदकानं त्याला सुरुवातीपासून "कबूतर" म्हणावं, आणि ते तिच्या पाठीवर ऐसपैस बसलं की फक्त त्या पानावर "कबूतरराव विराजमान झाले." एकदाच. दोनदा केलंत की गेलं. "वाघोबा", "कोल्होबा" ही आपली जुनी लाडकी रूपं आहेत, पण सगळ्याच प्राण्यांना "-ओबा" लावला की गोष्ट पन्नास वर्षं जुनी वाटू लागते.

हाका मारायला लोकलची भाषा घ्या: "ओ काकू, सरका पुढे", "चढणार की नाही?" उंदरानं तिला "काकू" म्हणावं, मांजरानं "अगं" म्हणावं. नातं एका शब्दात कळतं, वेगळं वर्णन लागत नाही.

आता यमक. माझं मत: निवेदन गद्यात, फक्त पालुपद पद्यात. अख्खं पुस्तक यमकात केलं की यमकासाठी गोष्ट वाकवावी लागते आणि मजकूर पुन्हा फुगतो. पालुपदाला १६ मात्रांची ओळ, ८-८ वर यती (थांबा), म्हणजे आपलं पादाकुलक वृत्त, मुलांच्या तोंडी सहज बसतं. ऱ्हस्व एक मात्रा, दीर्घ दोन, जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व साधारणपणे दोन ("तुम्ही"मधल्या "तु"सारखे अपवाद सोडून). नुसती बेरीज जमून भागत नाही. उदाहरणार्थ:

गोगलगाय निघाली बाई

मोजा: सोळा भरतात. पण आठवी मात्रा "निघाली"च्या "नि"वर संपते आणि शब्द मधोमध तुटतो, "गोगलगायनि, घाली बाई". वाचणारा तिथे हमखास ठेचकाळतो. त्यापेक्षा:

पाठीवर घर, पोटात पाय
धावत सुटली गोगलगाय

पहिली ओळ ८-८. दुसरीच्या उत्तरार्धात सातच मात्रा आहेत, पण म्हणताना शेवटचा "य" आपोआप लांबतो, म्हणून खटकत नाही. "गोगलगाय, पोटात पाय" ही म्हण आजी-आजोबांना ठाऊक असते, त्यामुळे वाचणाऱ्या मोठ्या माणसालाही थोडी गंमत मिळते. आणखी एक पर्याय, ८-८ चाच: "गोगलगाई, किती ग घाई". इथे "ग"वर अनुस्वार दिलात की एक मात्रा वाढली.

एक सावधगिरी: मात्रा जुळवण्यासाठी "घेऊन"चं "घेउन" करू नका. कवितासंग्रहात ते खपतं. नुकतं वाचायला शिकणाऱ्याच्या पुस्तकात नाही.

---

चिखलमाती

प्राण्याबद्दल थोडं, कारण चित्रकार हे विचारणार आणि चुकलं तर मुलंच पकडणार.

पावसाळ्यात मुंबईत भिंतींवर, कुंड्यांत, सोसायटीच्या बागेत जी मोठी तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय दिसते ती आफ्रिकन. शंख निमुळता, टोक मागे. गोल गुंडाळीचा शंख काढलात तर ती वेगळी जात झाली. कुठलीही घ्या, पण एकच ठेवा. गुंडाळीची दिशा हा सगळ्यात मोठा सापळा. बहुतेक गोगलगाईंचा शंख उजव्या पिळाचा असतो: टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजवीकडे येतं. संगणकावर चित्र आरशासारखं उलटवून ती परतताना दाखवली की पीळ डावा होतो. डावीकडे जाणारी गोगलगाय वेगळी काढावी लागते.

शिंगांच्या दोन जोड्या: वरची लांब, तिच्या टोकाला डोळे. खालची आखूड, वास आणि स्पर्शासाठी. सगळा अभिनय वरच्या जोडीवर करा. दोन्ही ताठ म्हणजे उत्साह, एक वाकडं म्हणजे शंका, दोन्ही आत ओढलेली म्हणजे भीती. भुवया, पापण्या, दात, हात यांची गरज नाही. हात नाहीत तर तिकीट कुठे? शंखाला चिकटलेलं. चिकटा आहेच. पोटाखाली एकच सपाट स्नायूचा पाय असतो, शास्त्रातही या वर्गाला उदरपादच म्हणतात, तेव्हा म्हण अगदी शास्त्रशुद्ध आहे.

शंख अंगाला स्नायूनं जोडलेला असतो, ती तो काढून ठेवू शकत नाही. "घर विसरले" असा विनोद सुचला तर टाळा. मिठाचा विनोद तर नकोच, मुलं करून बघतात.

वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर धरा. बारा डब्यांच्या गाडीचा फलाट अडीचशे मीटरच्या वर असतो, म्हणजे टोकापर्यंत जायला न थांबता जवळजवळ तीन दिवस. एवढा वेळ ८:१२ उभी राहिली तर गोष्टीचा सूर वेगळाच होईल. एका डब्याची लांबी मात्र साधारण २० मीटर, म्हणजे साडेपाच तास. धो धो पावसात गाडी साडेपाच तास रखडणं मुंबईकराला पटतं. तेव्हा तिला पुलाच्या पायथ्यापासून फक्त शेजारच्या डब्यापर्यंत न्या आणि घड्याळं त्या हिशेबानं काढा.

आणखी एक: जमिनीवरची गोगलगाय फुप्फुसानं श्वास घेते. तिला ओल हवी, पण पाण्याखाली ती बुडते. पाऊस वाढल्यावर तिला साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. खांबावर किंवा कठड्यावर चढवा. गर्दी खाली आणि ती सगळ्यांच्या डोक्यावरून, हे चित्रालाही बरं.

शेवटी "करून पाहा" असं पान देणार असाल तर हात धुण्याची सूचना हवीच. आफ्रिकन गोगलगाईत उंदरांकडून येणारे जंत असू शकतात.

---

फलाटकर

दंडवत घ्या सगळ्यांनी! कावळा आणि घूस बाद, तात्पर्य बाद. साडेपाच तासांचा हिशेब तर सोन्याचा. एक शंका: प्राण्यांना कपडे घालावेत का? चित्रकार म्हणते छत्री आणि पर्स हवी.

---

चिखलमाती

कपड्यांनी काही बिघडत नाही, शरीर विसरल्यानं बिघडतं. इंग्रज लेखिका-चित्रकार बिअॅट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससा निळं जाकीट आणि बूट घालतो, पण बूट हरवल्यावर चार पायांवर पळायला लागतो आणि त्याचा वेग वाढतो. कपडे माणसाचे, धाव सशाची. पर्स शंखाला लटकवा. छत्री मात्र नको. पावसात खूश होणारा तुमच्या गोष्टीतला तो एकच जीव आहे, छत्री उघडी राहिली तर तो विनोद जातो. सगळे छत्र्या उघडतात तेव्हा ती शिंगं आणखी लांब करते, असं करा.

---

शाईवाला

आता छपाई. आकार ठरल्याशिवाय चित्रकाराला एकही पान काढू देऊ नका, नंतर चित्रं ताणून किंवा कापून बसवावी लागतात.

८.५ इंची चौकोन दिसायला छान, कागदाला महाग. २०×३० इंचाच्या तावातून ७.२५×९.५ इंचाची पानं एका बाजूला आठ बसतात, दोन्ही बाजू मिळून सोळा. कापण्याची वाढ आणि यंत्राच्या पकडीची जागा धरूनही. चौकोन एका बाजूला सहाच बसतात, म्हणजे तावाला बारा. उरलेला कागद रद्दीत, पैसे तुमचे. ७.२५×९.५ उभा घ्या. आडवा घेतलात तर कागदाचा धागा (तंतूंची दिशा) कण्याला आडवा पडण्याची शक्यता असते, मग पुस्तक नीट मिटत नाही आणि घडीवर कागद तडकतो. छापखान्याला हे आधी विचारायचं.

५०० प्रतींचा हिशेब: २४ पानं म्हणजे दीड ताव, एकूण ७५० ताव आणि वर जुळवाजुळवीत वाया जाणारे. चार रंगांत आतल्या पानांच्या १२ प्लेटा (ऑफसेटचे छापायचे पत्रे, रंगागणिक वेगळे), मुखपृष्ठाच्या ४. प्लेटांचा आणि जुळवणीचा खर्च ५०० लाही तेवढाच आणि २००० लाही तेवढाच, म्हणून ५०० प्रतींना ऑफसेट अंगावर येतं. डिजिटलला प्लेट नाही. १३×१९ इंचाच्या कागदावर एका बाजूला एक जोडपान, म्हणजे प्रतीला सहा कागद अधिक मुखपृष्ठ. फोर्टात बोरा बाजारच्या गल्ल्यांत हे काम करणारे भरपूर आहेत. माझा सल्ला: आधी १०० प्रती डिजिटल, त्या मुलांच्या हातात देऊन पाहा, चुका काढा, मग हजार ऑफसेट. पॉटरबाईंनीसुद्धा १९०१ मध्ये स्वखर्चानं पीटर सशाच्या आधी २५० च प्रती काढल्या होत्या, आत बहुतेक काळीपांढरी रेखाटनं. प्रकाशकाची रंगीत आवृत्ती १९०२ मध्ये आली.

डिजिटलची दोन दुखणी लक्षात ठेवा. टोनर (डिजिटलची भुकटीची शाई) घडीवर तडकतो, त्यामुळे मुखपृष्ठाला आधी क्रीझ (घडीची खाच) मारून घ्या. आणि मोठा गडद सपाट रंग पट्टेदार येतो. पावसाचं काळंनिळं आभाळ एकसारखं भरू नका, ब्रशचा पोत ठेवा, पट्टे त्यात लपतात.

बांधणी मधोमध पिनांची. १३० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) २४ पानं चिकटवून बांधण्याइतकी जाड होत नाहीत, शिवाय चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही आणि मधला सेंटीमीटरभर भाग गिळला जातो. आपल्या दमट हवेत साधी पिन एका पावसाळ्यात गंजते आणि मधल्या पानावर तपकिरी डाग पडतो. जस्ताचा मुलामा दिलेली तार मागा, किंवा मधोमध दोऱ्याची शिलाई करून घ्या.

पिनांच्या बांधणीत अखंड कागदावर छापलं जातं ते फक्त मधलं जोडपान, तुमच्या बाबतीत १२-१३. बाकी प्रत्येक जोडपानाचे दोन अर्धे वेगवेगळ्या जागी छापले जातात आणि बांधताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर वरखाली होतात. म्हणून सगळ्यात मोठं, एकसंध चित्र १२-१३ वर. इतरत्र गोगलगाईचं तोंड घडीपासून निदान १५ मिलिमीटर दूर. गोगलगाईच्या मागे उमटणारी चिकट्याची रेघ सगळ्या पानांतून सलग न्यायची असेल तर घडीपाशी ती आडवी आणि जाड ठेवा. तिरकी बारीक रेघ तुटलेली दिसते. मधली पानं कापताना काठाकडून मिलिमीटरभर जास्त जातात, म्हणून पान क्रमांक आणि मजकूर काठापासून १० मिलिमीटर आत. चित्र मात्र काठाबाहेर ३ मिलिमीटर वाढवलेलं.

रंग: चित्रं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), छापायच्या आकारात. पडद्यावरचा पोपटी आणि झगझगीत निळा छपाईत मरतो, तेव्हा चित्रकारानं सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये (सायन, मजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शायांत) पाहत काम करावं. निळ्यात मजेंटा (गुलाबी) सायनच्या (आकाशी) फार जवळ गेला की पावसाचं आभाळ जांभळं होतं. मजेंटा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवा. चारही रंगांची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर नको, शाई वाळत नाही आणि मागच्या तावाला लागते. पावसाळ्यात तर नाहीच वाळत. मजकूर निव्वळ काळ्या शाईत, वेगळ्या थरावर. उद्या हिंदी किंवा कोकणी आवृत्ती काढली तर फक्त काळी प्लेट बदलेल.

कागद १३० जीएसएम मॅट आर्ट. जलरंग असतील तर १२० मॅपलिथोही (लेप नसलेला साधा कागद) शोभतो, पण रंग एक पायरी मंद येतील. मुखपृष्ठ ३०० जीएसएम. बाहेरून लॅमिनेशन केलं की जुलैत मुखपृष्ठ बाहेर वळतं, कारण आतली उघडी बाजू ओल पिते. छापून आल्यावर गठ्ठे वजनाखाली, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवा.

---

लघुगुरू

अक्षरांबद्दल शाईवाले काही बोलले नाहीत, म्हणून भर. मजकूर युनिकोडमध्येच. आकार २० ते २४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपटीच्या वर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मजकुराला मुक्त आणि शीर्षकाला बालू हे फाँट मोफत आहेत आणि मुंबईतच घडलेले आहेत. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी पुढे जाऊन बसते. परिच्छेदाची भाषा "मराठी" निवडा, म्हणजे फाँटात सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच. वाढवलंत की शिरोरेषा तुटते. शीर्षकाला बाह्यरेषा देणार असाल तर आधी आकार एकत्र जोडून घ्या, नाहीतर काना आणि अक्षर यांच्या सांध्यावर रेघा उमटतात. शेवटची पीडीएफ छापून "दुसऱ्या", "पायऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द डोळ्यांनी पाहा. "पायर्या" झालेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

---

शाईवाला

बरोबर, आणि कागदपत्रांचंही राहिलं होतं. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. प्रत्येक भाषेला वेगळा क्रमांक. छापल्यापासून ३० दिवसांत १९५४च्या कायद्यानुसार एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची. मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य. चित्रकाराशी लेखी करार आत्ताच करा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मूळ चित्रं कुणाची, खेळणी-कॅलेंडरचे हक्क कुणाचे, हेही त्यातच.

---

फलाटकर

भरून पावलो. नवी मांडणी अशी:

२-३ घड्याळात ८:०५, पूल, गोगलगाय. ४-५ "सुसाट सुटली". ६-७ उंदीर, ८-९ मांजर, १०-११ कबूतरराव. १२-१३ शब्दच नाहीत, नुसते शेकडो बूट-चपला आणि मधे ती. १४-१५ गाडी आली, पिवळी रेघ, १५च्या तळाशी फक्त "टप्." १६-१७ पाऊस. १८-१९ सगळे अडकलेले, ती कठड्यावरून, १९च्या तळाशी "आणि ८:१२?" २०-२१ "उभीच." २२-२३ डब्यात, सगळे चेपलेले, कबूतर तिच्या पाठीवर.

पान २४ रिकामं झालं. तिथे काय? चित्रकार म्हणते झोपलेली गोगलगाय, मला ते गुळगुळीत वाटतं.

---

कोराकागद

१९ ते २० ची पलटी आता बरोबर जागी आहे. १० वर कबूतर येतानाच पाठीवर बसलेलं दाखवू नका. १० वर ते शेजारी उतरतं, ११ वर चढतं. एका जोडपानात दोन क्षण चालतात.

पान २४ वर तिला झोपवू नका. गाडी नुकती सुटली आहे, डब्यात सगळे जागा शोधताहेत, आणि ती तोंड वळवून दाराकडे निघालेली. मजकूर: "दादरला उतरायचंय. निघालेलं बरं."

---

चिखलमाती

+१. फक्त तिथे ती डावीकडे तोंड करून असेल. ४-५ वरचं चित्र उलटवून चिकटवायचा मोह होईल, पीळ सांभाळा.